मुजम्मिलला, पेटीसोबत

मुजम्मिल, येत्या गुरुवारी माझा व्हिसा संपतो.
तीस किलोंत पस्तीस वर्षं बसवायचीत,
त्यात ही पेटी बसत नाही.
गावाला नेली तर वाळवी आठ दिवसांत
सगळं वाचून काढेल.
म्हणून ती इथेच, मनाम्यात, तुझ्याकडे.
पलंगाखाली नको, एसीचं पाणी तिथेच गळतं.
कपाटाच्या वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब.

ऑगस्टात सुट्टीवर जाशील, एसी बंद करू नकोस.
बिल मी देईन.
बंद खोलीत इथली हवा कागदाला घाम आणते,
आणि घामेजलेले दोन फोटो एकमेकांना चिकटले
की सोडवताना कुणा एकाचं तोंड जातं.
माझ्या आईचं असंच गेलं.
हातात राहिला फक्त ओढणीचा काठ.

टाचण्या मी काढल्यात. गंजाचे डाग राहू देत.
सेलोटेप लावशील तर बघ.
फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिही, हलक्या हातानं,
आणि नुसतं 'अब्बा' लिहू नकोस.
कुणाचे अब्बा?
शंभर वर्षांनी सगळेच कुणाचे तरी अब्बा असतात.
'दाऊद हसन चौगुले, सित्र्याचा धक्का,
डावीकडून तिसरे, हातात डबा.'
डबा लिहीच.
मी त्यांना डब्यावरून ओळखलं, चेहऱ्यावरून नाही.

नावांपाशी जरा थांब.
पासपोर्टावर चौगुले, बँकेत चौगले,
अरबीत च नाही म्हणून कामाच्या कार्डावर शोगली.
तिन्ही उतरव. दुरुस्त करू नकोस.
एकवीस उन्हाळे वेल्डिंग शोगलीनं केलं,
रात्री खोलीवर परत यायचे ते चौगुले.

तारीख माहीत नसेल तर सांगणारा सांगतो तशी लिही:
'मोठ्या वादळानंतर, पुलाच्या आधी.'
पुढे लिही, कुणी सांगितलं.
खैरूनचाचीनं, फोनवर, तेव्हा तिला ताप होता.
तापसुद्धा लिही.

कॅसेटी सहा. दादीला लिहिता येत नव्हतं,
ती पत्र बोलून पाठवायची.
तिन्ही ठिकाणी प्रती ठेवल्यात: तुझ्याकडे,
कुवेतला नाझनीनकडे,
आणि गावच्या शाळेतल्या केळस्करबाईंकडे,
त्या नात्यातल्या नाहीत, म्हणून भांडणार नाहीत.
चौथ्या कॅसेटीत बारा मिनिटं कुणी बोलत नाही.
सूप वाजतं. कोंबडी ओरडते.
दादी बटण बंद करायला विसरली असणार.
ती बारा मिनिटं कापू नकोस.

तळाशी खाकी पाकीट आहे.
आत ड्राफ्टच्या पावत्या, अकरा वर्षांच्या,
दर तीन महिन्यांनी, एका बाईच्या नावे, दापोलीला.
आपल्या झाडाच्या कुठल्याच फांदीवर ती बसत नाही.
चाचीला विचारलं.
ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, फाड.

फाडलं नाही. उघडंही ठेवलं नाही.
पावत्यांचं अक्षर उडत चाललंय,
म्हणून झेरॉक्स काढून सोबत ठेवल्यात,
आणि पाकिटावर शाईनं लिहिलंय:
चाचीच्या माघारी उघडावं.
वंशावळीत अब्बांशेजारी एक मोकळी रेघ आहे,
तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.
ते खोडायची घाई करू नकोस.
कर्ज असेल. कुणी आजारी असेल.
किंवा जे तुझ्या मनात आलं तेच असेल.
रेघ सगळ्यांना पुरेल एवढी लांब ओढलीय.

पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलीय,
नाही, चिकटवली नाही, दोऱ्यानं बांधलीय.
शेवटची ओळ माझी:
'मैमूना दाऊद चौगुले, हिशेबनीस, मनामा.
जन्मतारीख पासपोर्टाप्रमाणे.'

पासपोर्टावरची खोटी आहे.
शाळेत घालताना अब्बांनी सांगितली तशी मास्तरांनी लिहिली.
खरी तू कधी विचारली नाहीस.
ये एकदा. येताना पेन्सिल आण.
गुरुवारपर्यंत आहे मी.